मधल्या सुट्टीचा तास

स्वयंपाकखोलीच्या भिंतीवर आहाराचा तक्ता टांगला होता. सफरचंद, द्राक्षं, बदाम, ब्रोकोली, चीजचा त्रिकोणी तुकडा आणि काचेच्या उंच पेल्यात दूध. तक्त्याच्या बरोबर खाली पातेल्यात मटकी होती. आदल्या दिवशी सकाळी भिजवून, दुपारी उपसून फडक्यात बांधून ठेवलेली. पण आठवडाभर ऊन पडलं नव्हतं, डोंगरातला गारठा होता, आणि मोड कसेबसे डोकावत होते. “आज मोड आळशी झालेत,” मावशी म्हणाल्या आणि कांदा चिरायला बसल्या.

अकोले तालुक्यातली ही जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते पाचवी, पट बेचाळीस. दिवस श्रावणातले. हजेरी झाल्यावर गुरुजींनी खिडकीतून आकडा सांगितला, “अडतीस!” आणि स्वयंपाकखोलीतलं गणित सुरू झालं. सरकारी मापाप्रमाणे प्राथमिकच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. म्हणजे त्या दिवशी ३ किलो ८०० ग्रॅम तांदूळ, ७६० ग्रॅम कडधान्य, १ किलो ९०० ग्रॅम भाजी, १९० ग्रॅम तेल. मावशी तराजू वापरत नाहीत. त्यांच्याकडे तांदळासाठी एक पोचे आलेला डबा आहे आणि कडधान्यासाठी एक वाटी. गुरुजींनी एकदा वजनकाट्यावर दोन्ही तपासून पाहिलं, चूक निघाली नाही.

तांदूळ केंद्राकडून येतो. बाकी सगळ्याला, म्हणजे डाळ, भाजी, तेल, मसाला आणि गॅस मिळून, मे २०२५पासून प्राथमिकच्या एका मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे मंजूर आहेत. अडतीस मुलांचे होतात २५७ रुपये ६४ पैसे. त्यातलाही बराचसा भाग माल पुरवणाऱ्या ठेकेदाराकडे जातो. भाजी आणि इंधनासाठी शाळेच्या हाती उरतं ते थोडंच. एवढ्यात एका जेवणातून मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, असा नियम आहे. सहावी ते आठवीसाठी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. मी शहरातल्या माणसाच्या सवयीने मनात वडापावचा भाव आठवून पाहिला आणि गप्प बसलो.

जेवण तयार झालं की मुलांच्या आधी शिक्षकाने चाखायचं आणि चव रजिस्टरमध्ये नोंद करायची, अशी पद्धत आहे. मी ते रजिस्टर चाळलं. पानामागून पान ‘चव उत्तम’. पावसाळ्यातल्या एका गुरुवारी मात्र कुणीतरी लिहून ठेवलं होतं, ‘मीठ थोडे जास्त’. गुरुजी हसले. “ते आमच्या मॅडमनी लिहिलंय. मावशी दोन दिवस बोलल्या नाहीत त्यांच्याशी.” रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना पालकांच्या सहीचा. तो रिकामा होता.

मग मुलं व्हरांड्यात ओळीने बसली. जेवणाआधीचा श्लोक झाला, शेवटच्या चरणाला सगळ्यांचाच वेग वाढला. पहिलीतला एक मुलगा मसालेभातातले टोमॅटोचे तुकडे वेचून ताटलीच्या काठावर मांडत होता, दुकानात मांडावेत तसे. त्याच्या शेजारी दुसरीतली मुलगी. ती स्वतःचं जेवता जेवता मधूनच त्याच्या काठावरचा एक तुकडा उचलून तोंडात टाकायची. तीन तुकडे गेल्यावर मुलाने हाताने उरलेले झाकले. चौथ्याला तिचा हात आला तसा त्याने तो घाईने स्वतःच खाल्ला. तोंड वाकडं केलं. पण खाल्ला.

हे पाहताना मला लिअ‍ॅन बर्च यांचं काम आठवलं. लहान मुलांची खाण्याची आवड घडते कशी, यावर या अमेरिकी संशोधिकेने आयुष्यभर अभ्यास केला. १९८०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात, एक भाजी न आवडणाऱ्या मुलाला काही दिवस ती आवडीने खाणाऱ्या मुलांबरोबर जेवायला बसवलं. कुणी समजावलं नाही, आमिष दाखवलं नाही. मूल हळूहळू ती भाजी घेऊ लागलं. नंतरच्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट पुढे आली, ती आपल्या घराघरातल्या शहाणपणाच्या नेमकी उलटी आहे: ‘हे संपवलंस तर बक्षीस देईन’ असं म्हटलं की त्या वेळेपुरतं मूल खातं, पण त्या पदार्थाबद्दलची त्याची आवड कमी होते. लाच द्यावी लागते म्हणजे वस्तू वाईटच असणार, इतकी व्यवहारबुद्धी चार वर्षांच्या मुलालाही असते. आणि नवीन चव अंगवळणी पडायला ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते. आपण तिसऱ्या वेळेला हात टेकतो आणि जाहीर करून टाकतो, ‘आमच्या ह्याला दुधी आवडत नाही.’

त्या व्हरांड्यात आहारावर एक शब्द कुणी बोललं नव्हतं. धडा मात्र झाला होता.

*

शाळेतल्या खिचडीची आपल्याकडे भरपूर चेष्टा झाली. ‘खिचडी शाळा’ हा शब्द शिव्यांत जमा झाला. म्हणून थोडा मागचा हिशेब. १५ ऑगस्ट १९९५ला केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रात मुलांना शिजवलेलं अन्न मिळत नव्हतं. महिन्याला ८० टक्के हजेरी भरली की ३ किलो तांदूळ घरी मिळायचा. तो तांदूळ घराच्या डब्यात जायचा, मुलाच्या पोटात किती गेला ते विचारू नये. २८ नोव्हेंबर २००१ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की शाळेत शिजवलेलं गरम अन्नच द्यावं, वर्षात किमान २०० दिवस. त्यानंतर आपल्याकडे चुली पेटल्या. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो मुलांचा हक्क झाला आणि सप्टेंबर २०२१मध्ये योजनेचं नाव बदलून पीएम पोषण झालं. गावात मात्र अजूनही ‘खिचडी’च. रोज खिचडी नसली तरी.

कारण आता पदार्थ बरेच आहेत. जून २०२४मध्ये राज्य सरकारने तीन भागांच्या जेवणाचा आदेश काढला: तांदळाचा एक पदार्थ, मोड आलेलं कडधान्य आणि शेवटी गोड, तांदळाची खीर किंवा नाचणी सत्त्व. पाककृतींची यादी पंधराची होती. मसालेभात, मटार पुलाव, चवळी खिचडी, मटकीची उसळ, मूग-शेवग्याचं वरण. कागदावर यादी देखणी होती. यादी करणाऱ्यांपैकी कुणी पहिलीच्या ओळीत जेवायला बसलं असतं तर त्यांना एक गोष्ट दिसली असती. सहा-सात वर्षांच्या मुलाचे पुढचे दात पडलेले असतात. त्याला शेवग्याची शेंग सोलता येत नाही, चोखता येत नाही आणि टाकायचा तर धीर होत नाही. मावशींनी आपला मार्ग काढलाय. शेंग उकडून तिचा गर चमच्याने खरवडून वरणात घालतात, आणि शाळेच्या कुंपणाशी असलेल्या शेवग्याचा पाला ओरबाडून बारीक चिरून वरून टाकतात. हा बदल कुठल्या आदेशात नाही.

अंड्याची गोष्ट जास्त कडू आहे. नोव्हेंबर २०२३पासून आठवड्यातून एकदा उकडलेलं अंडं, न खाणाऱ्याला केळं किंवा स्थानिक फळ, असं ठरलं. साधारण ६ ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिनं, शिजवायला सोपं, भेसळ अशक्य, चोरी लगेच कळणारी. इतकी प्रामाणिक वस्तू सरकारी योजनेत क्वचितच असते. पण जानेवारी २०२५मध्ये सरकारने अंडी आणि साखर यांचा निधी काढून घेतला. द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना कळवलं. म्हणजे गुरुजींनी गावात वर्गणी मागत फिरायचं.

आदिवासी भागातल्या मुलाच्या नजरेने हे पाहा. अमृत आहार योजनेत अंगणवाडीतल्या बालकाला आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळं मिळतं. मूल सहा वर्षांचं होतं, शेजारच्या इमारतीत पहिलीत जातं, आणि अंडं संपतं. शाळेत गेलं म्हणून वाढायचं थांबत नाही ते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांत ३५.२ टक्के खुरटलेली आणि ३६.१ टक्के कमी वजनाची आढळली. सहा महिने ते पाच वर्षं या वयातली ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयाची. आधीच्या फेरीत हाच आकडा ५३.८ होता. हीच मुलं पुढे पहिलीच्या ओळीत येऊन बसतात. विज्ञानाच्या पुस्तकात त्यांना प्रथिनांची उदाहरणं पाठ करायची असतात. त्या उदाहरणांत अंडं असतंच.

मावशींना महिन्याला अडीच हजार मानधन मिळतं, तेही वर्षातले दहा महिने. जपानमध्ये शाळेच्या जेवणाचा कायदा १९५४ सालचा आहे, आणि २००५मध्ये तिथे आहारशिक्षणाचाच वेगळा कायदा झाला. मुलं पांढरे अंगरखे घालून आळीपाळीने वर्गात वाढतात, आणि शाळांमध्ये आहार शिकवणारे शिक्षक नेमलेले असतात. आपल्याकडे हे पद नाही असं सांगतात. मला ते पटत नाही. ते पद आहे, अडीच हजारांवर आहे, आणि सकाळपासून कांदा चिरत बसलेलं आहे.

*

आता शहरात येऊ. शाळेच्या आवारात आणि शाळेपासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ विकू नयेत, असा देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२०चा नियम आहे. राज्य सरकारने शाळांच्या उपाहारगृहांतून वेफर्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर आणि शीतपेयं मे २०१७मध्येच हद्दपार केली होती. पुण्याच्या उपनगरातल्या एका शाळेच्या फाटकापासून मी पावलं मोजली. ५० मीटर म्हणजे माझी साधारण सत्तर पावलं. पहिली टपरी सतराव्या पावलाला लागली. तिथे लाल, निळ्या, पिवळ्या पुड्यांच्या माळा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगलेल्या होत्या. मोठ्यांना लागणारा माल वर. विक्रीचं शास्त्र तो टपरीवाला कुठल्या महाविद्यालयात शिकलेला नव्हता. शाळेने मात्र आपला ‘चौरस आहार’ तक्ता मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, मोठ्या माणसाच्या डोक्याच्याही वर लावला होता.

टपरीवाल्यावर मला राग धरता येईना. पाच रुपयांच्या पुडीवर त्याला काही पैसे सुटतात. शेजारी एक बाई उकडलेल्या शेंगा आणि पेरू विकायला बसतात, त्यांना महापालिकेची गाडी उचलून नेते. टपरीला परवाना आहे. म्हणजे शाळेच्या दारात पेरू बेकायदा आणि तळलेल्या पुड्या कायदेशीर, असा हा प्रकार झाला. ५० मीटरचा नियम मोजायला कोण येतं, हे मी टपरीवाल्यालाच विचारलं. “तुम्हीच पहिले,” तो म्हणाला.

त्याच शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचा एक तास मला बघायला मिळाला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) मे २०२५मध्ये आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले. त्या परिपत्रकात म्हटलं होतं की ४ ते १० वर्षांच्या मुलांच्या रोजच्या कॅलरींपैकी १३ टक्के आणि ११ ते १८च्या मुलांच्या १५ टक्के कॅलरी साखरेतून येतात, यायला हव्यात फक्त ५ टक्के. बाईंची शाळा त्या मंडळाची नव्हती, फलकही नव्हता. त्यांनी वर्गात साखरेचा डबा, चमचा, एक रिकामा पेला आणि ३०० मिलिलिटरची शीतपेयाची बाटली आणली. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायला भिंग दिलं. शंभर मिलिलिटरला साडेदहा ग्रॅमच्या आसपास साखर. मुलांनी तिनाने गुणलं, चाराने भागलं. मग एकेका मुलाने पुढे येऊन एकेक चमचा पेल्यात टाकायचा. पाचव्या चमच्यापर्यंत वर्गात दंगा चालला होता. सातव्याला शांत झाला. आठवा चमचा टाकणारा मुलगा बाईंकडे वळून म्हणाला, “बाई, एवढी आमच्या आईला चहाला आठवडाभर पुरते.” त्याच्या घरी चहाला साखर कमी लागते की तो आईची बाजू घेत होता, कुणास ठाऊक. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या मार्गदर्शनात दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलंय, ते बाईंनी नंतर फळ्यावर लिहिलं. आधी लिहिलं असतं तर कुणी उतरवूनही घेतलं नसतं.

तास संपल्यावर वर्गातल्या एका मुलीचा वाढदिवस निघाला. तिने बाईंना आणि सगळ्या वर्गाला चॉकलेटं वाटली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर.

*

इथपर्यंत मी दुसऱ्यांच्या शाळांबद्दल बोललो. आता घरचं.

माझी मुलगी तिसरीत असताना तिच्या शाळेच्या डायरीत चिठ्ठी आली: डब्यात पौष्टिक पदार्थ द्यावेत, मैद्याचे व तळलेले पदार्थ पाठवू नयेत. चिठ्ठीला वेळापत्रक जोडलेलं. सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी कडधान्य, बुधवारी पराठा, गुरुवारी इडली किंवा पोहे, शुक्रवारी ‘मुलांच्या आवडीचे’. त्याच महिन्यात शाळेच्या कार्यक्रमात मुलांना केक आणि वेफर्सची पाकिटं मिळाली, ते सोडा. चिठ्ठीच्या वर लिहिलं होतं, ‘प्रिय माता’. मी ती वाचली, योग्यच आहे म्हणालो, आणि बायकोच्या हातात दिली. आहारावर दोन लेख लिहिलेला माणूस होतो मी.

पुढे बायकोच्या आईचं ऑपरेशन निघालं, ती पंधरा दिवस माहेरी गेली, आणि डबा माझ्याकडे आला. पहिल्या दिवशी भेंडी दिली. कढईतून उतरवली तशी गरम गरम डब्यात भरली आणि झाकण दाबून लावलं. साडेदहाला मुलीने डबा उघडला तेव्हा आत वाफ धरलेली, बुळबुळीत, वासाची काहीतरी वस्तू होती. डबा तसाच परत आला. “बाबा, भेंडी डब्यात घामेजते,” असं तिने मला समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पोळ्यांची चवड आणि उसळ. अर्धं उरलं. तिसऱ्या दिवशी मी तिला भूक कमी लागते का म्हणून चिंतेत, तर तिने मधल्या सुट्टीचा हिशेब मांडला. सुट्टी वीस मिनिटांची. नळावर हात धुवायची रांग सहा-सात मिनिटं. डब्याचं झाकण तिच्याने निघत नाही, ते बाईंकडून काढून घ्यायचं, तिथेही रांग. मैत्रिणीशी बोलायचं असतंच. उरतात आठ मिनिटं. आठ मिनिटांत पोळी तोडून, उसळीत बुडवून, चावून खायची. शेजारणीकडे बिस्किटांचा पुडा असतो, तो दोन मिनिटांत संपतो आणि सहा मिनिटं खेळायला मिळतात.

मुलं जंक फूड का खातात, यावर मी ऐकलेल्या सगळ्या भाषणांत जाहिराती येतात, चटक येते, आयांचा आळस तर हमखास येतो. सुट्टी वीस मिनिटांची असते, हे एकातही ऐकलं नाही. सावकाश चावून खायला शिकवणारी शाळा मुलाला खायला आठ मिनिटं देते.

मग माझे प्रयोग सुरू झाले. भाजी कणकेतच मळायची. लाल भोपळा किसून घारगे, मेथीचे छोटे पराठे, आणि सगळ्यांत उपयोगी म्हणजे थालीपीठ. थालीपीठ गार झालं तरी थालीपीठच राहतं, वातड होत नाही, हाताने तुटतं, झाकणाला चिकटत नाही. झाकण सैल असलेला जुना स्टीलचा डबा माळ्यावरून काढला. भेंडी संध्याकाळच्या जेवणात, ताटाला ताट लावून. पंधरा दिवसांत डबा रिकामा येऊ लागला. मी विजयी मुद्रेने बायकोला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “सकाळी किती वाजता उठतोस?” पावणेपाचला उठत होतो. “मी सात वर्षं उठतेय,” एवढं बोलून तिने आईला औषध द्यायचंय म्हणून फोन ठेवला.

शाळांच्या चिठ्ठ्या ‘प्रिय माता’ म्हणूनच येत राहतील तोवर त्यातलं निम्मं वाया जाणार, असं माझं मत त्या फोननंतर झालंय आणि ते अजून बदललेलं नाही.

*

अकोले तालुक्यातल्या शाळेत परत जातो, कारण तिथली पालकसभा राहिली. सभेला वीसेक बायका, बऱ्याचशा आज्या. आयांना शेतावर लावणीला जायचं होतं. पुरुष तिघे, तेही दाराशी उभे, कुणीतरी बोलावलंच तर निघता यावं असे. आरोग्यसेविका बोलायला आल्या होत्या. त्यांच्या हातातही तोच सफरचंदाचा तक्ता होता, पण त्यांनी तो उलटा करून भिंतीला टेकवला आणि विचारलं, “सकाळी पोरांना काय देता?”

उत्तर एकच आलं. चहा-चपाती. कुठे चहा-भाकरी, कुठे चहा आणि टोस्ट.

चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही, त्यामुळे जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको, हे राष्ट्रीय पोषण संस्थाही सांगते. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते. घरून येताना आणि घरी गेल्यावर चहा पिऊन ती गोळी आपण निम्मी धुऊन टाकतो. सेविकाबाईंनी हे दोन वाक्यांत सांगितलं. लगेच एक आजी उठल्या. “ताई, च्या नाय दिला तर पोरगं अंथरुणातून उठतच नाय. आन् दूध कुठून आणू? म्हशीचं डेअरीला जातंय.”

मला वाटलं आता व्याख्यान होणार. बाईंनी घासाघीस केली. कपाची बशी करा. चपाती आधी खाऊ द्या, तिच्यावर गूळ-शेंगदाण्याचा कूट किंवा कालचं वरण, आणि चहा मागाहून, उशिरा, बशीभर. वरणात लिंबू पिळा, लिंबू असलं की लोह चांगलं लागतं. आजींनी विचार केला आणि म्हणाल्या, “बशी चालंल.” सभेत हशा पिकला. नाचणीचं नाव निघालं तेव्हा त्याच आजी म्हणाल्या की आमची नागली आम्ही खायचो तेव्हा गरिबाचं खाणं होतं, आता शाळेत खीर करून देतात तर पोरं मागून घेतात. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांचं बियाणं जपलं, त्यांना २०२०मध्ये पद्मश्री जाहीर झाली, आणि त्यानंतर इथल्या बऱ्याच घरांत ‘गावठी’ हा शब्द मान वर करून बोलला जातो. शाळेच्या परसबागेतही घेवडा आणि लाल माठ घरच्या बियाण्याचा आहे. हात धुतलेलं पाणी पाटाने वाफ्यात जातं. आदल्या दिवाळीच्या सुट्टीत फाटक उघडं राहिलं, शेळ्यांनी बाग साफ केली, मुलांनी जानेवारीत पुन्हा लावली. पावसाळ्यात माठाची भाजी झाली त्या दिवशी टोमॅटो वेचणारा तो पहिलीतला मुलगाही दुसऱ्यांदा वाढून घ्यायला उठला होता, म्हणे. त्याच्या वाफ्यातली होती.

सभेच्या शेवटी सेविकाबाईंनी एक प्रश्न टाकला. “पाच रुपयांच्या पुड्या कोण आणतं घरी?”

बायका आधी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग एकेक मान दाराकडे वळली. तिघांपैकी एक जण रुमालाने तोंड पुसू लागला. “संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी जाववत नाही हो,” तो म्हणाला. हे त्याने इतक्या खऱ्या आवाजात सांगितलं की कुणी हसलं नाही. मुलासाठी काहीतरी न्यायचं, आणि गावच्या दुकानात पाच रुपयांत मिळणारी, मुलाला आनंद देणारी दुसरी वस्तू नाही. सेविकाबाई म्हणाल्या, दोन केळी न्या, नाहीतर शेंगदाण्याची चिक्की. दुकानात केळी कुठे, तो म्हणाला, केळी राजूरच्या बाजाराला. बाजार आठवड्यातून एकदा. यावर त्या दिवशी तोडगा निघाला नाही.

निघण्याआधी मी मावशींच्या हातची मटकीची उसळ आणि मसालेभात मुलांच्या ओळीत बसून खाल्ला. गुरुजींनी चव रजिस्टर पुढे केलं. पालकांचा रकाना जूनपासून कोरा होता; एकही आई, एकही बाप, एकही आजोबा तिथवर आले नव्हते, आणि कुणी त्यांना बोलावलंही नव्हतं. मी त्या शाळेचा पालक नाही, तरी गुरुजी म्हणाले लिहा. मी लिहिलं: मीठ बेताचं, मोड कमी, भूक होती म्हणून दोनदा घेतलं.

तुमच्या मुलाच्या, नातवाच्या किंवा गावच्या शाळेत एकदा मधल्या सुट्टीत जा. ओळीत बसा, जेवा आणि त्या रकान्यात सही करा.